झोताच्या आडव्या वाऱ्यात छोटं विमान उतरवताना: चाक टेकल्यावरच खरं काम सुरू होतं

आधीच सांगते, नुसतं वाचून कुणालाही आडव्या वाऱ्यात उतरता येणार नाही, ते शेजारी इन्स्ट्रक्टर बसवूनच शिकायचं. पण जे शिकलेत, लायसन्स झालंय, आणि आता वारा जरा वाढला की पोटात गोळा येतो किंवा (हे जास्त धोक्याचं) अजिबात येत नाही, अशांसाठी हे लिहितेय.

छोट्या विमानांचे अपघात बघितले तर लँडिंगचे संख्येने फार असतात, पण त्यात जीव जाण्याचं प्रमाण बाकी प्रकारांपेक्षा बरंच कमी असतं. त्यामुळे होतं काय, की वाकलेला प्रॉपेलर, मोडलेलं नोजव्हील, रनवे सोडून गवतात गेलेलं विमान हे सगळं "चालायचंच" मध्ये मोडलं जातं. माझं म्हणणं असं की हे चालायचं नसतं, यातले बहुतेक टाळता येतात, आणि ते कुठे होतात हे नीट समजून घेतलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

कुठे होतात? आपल्याला वाटतं फायनलवर (रनवेच्या रेघेत सरळ खाली येताना), विमान इकडेतिकडे फेकलं जात असतं तेव्हा. तसं कमी होतं. तिथे आपण जागे असतो. घोटाळा होतो तो शेवटच्या दहा-पंधरा फुटांत आणि चाक टेकल्यानंतरच्या काही सेकंदांत.

माझा स्वतःचा प्रसंग सांगते, सोलोचे थोडेच तास झाले होते, वारा डावीकडून, टचडाउन इतकं छान झालं की मी खूश, आणि त्या खुशीत योक (हातातलं स्टिअरिंग) सरळ केला, पाय सैल सोडले. विमानाने नाक डावीकडे वळवलं आणि थेट कडेकडे निघालं. उजवा रडर (शेपटीवरची पट्टी फिरवणारं पायातलं पेडल) पूर्ण दाबून थांबले तेव्हा एक चाक गवतात होतं. काही मोडलं नाही. पण त्या दिवशी कळलं की मी विमान उतरवलं नव्हतं, फक्त टेकवलं होतं.

असं का होतं ते बघू, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. विमानाच्या मागे उभी शेपटी असते, आडवा वारा तिला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं, छपरावरच्या वातकुक्कुटासारखंच. हवेत असताना त्याचा त्रास नाही. जमिनीवर चाकं एका दिशेला जायला बघतात आणि शेपटी दुसरीकडे ढकलते. आता वेगाचा विचार करा. एलेरॉन (पंखांवरच्या, योकने हलणाऱ्या पट्ट्या) आणि रडरची ताकद वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे ६० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जेवढा जोर मिळतो त्याच्या पाव हिस्साच ३० नॉटला मिळतो. वारा मात्र तेवढाच राहतो. १५ नॉटचा आडवा वारा ६० नॉटच्या विमानासाठी वेगाच्या पाव हिस्सा असतो आणि ३० नॉटला निम्मा. म्हणजे विमान हळू होत जातं तसं काम सोपं होत नाही, अवघड होतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस "झालं एकदाचं" म्हणून हात सैल सोडतो.

निघायच्या आधी करायचा हिशोब

वाऱ्याचा आडवा हिस्सा किती ते काढायला चार्ट आहेतच, पण मनातल्या मनात करायची घड्याळाची पद्धत मला जास्त आवडते. रनवे आणि वारा यांच्यातला कोन म्हणजे मिनिटं समजा. १५ अंश म्हणजे पाव तास, तर वाऱ्याचा पाव हिस्सा आडवा. ३० म्हणजे निम्मा, ४५ म्हणजे पाऊण, ६० आणि त्यापुढे पूर्णच धरायचा. थोडा ढोबळ आहे पण चुकला तर साधारण सुरक्षित बाजूला चुकतो, फक्त ३० अंशाच्या आतल्या कोनांना तो किंचित कमी आकडा देतो.

उदाहरण घ्या, रनवे २७ (म्हणजे २७० अंशांची दिशा), वारा ३१० अंशांवरून १८ नॉट, झोत (मधेच उसळणारा जोर) २८. कोन ४०. नीट हिशोब केला तर सरासरी वाऱ्याने आडवा हिस्सा साधारण साडेअकरा नॉट येतो, आणि झोत धरला तर १८. खूप जण साडेअकरा बघून निघतात. पण फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलून वेग मोडताना) तुम्हाला कुठला वारा भेटेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून हिशोब कायम झोताचाच करायचा. शिवाय झोतात वाऱ्याची दिशाही बदलते, ३१० चा वारा क्षणभर ३३० चा झाला की आकडा आणखी वाढतो. आणखी एक बारीक गोष्ट, मेटारमधली (विमानतळाच्या हवामान अहवालातली) वाऱ्याची दिशा भौगोलिक उत्तरेपासून असते आणि टॉवर सांगतो ती चुंबकीय, रनवेचा नंबरही चुंबकीय. जिथे या दोन उत्तर दिशांत फरक जास्त आहे तिथे हे विसरलं तर कोनच चुकतो.

मग मॅन्युअल उघडा आणि बघा तुमच्या विमानाचा "दाखवलेला" कमाल आडवा वारा किती लिहिलाय. सेसना १५२ ला १२ नॉट, सेसना १७२ ला १५, पायपर चेरोकीच्या बऱ्याच मॉडेलना १७. याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण यावरून दोन्ही बाजूंनी गैरसमज असतात. हा बहुतेक छोट्या विमानांत कायदेशीर मर्यादेचा आकडा नसतो, चाचणीच्या वेळी कंपनीच्या पायलटने इतक्या वाऱ्यात उतरून दाखवलं एवढंच तो सांगतो. विमान कदाचित त्यापेक्षा जास्तही झेलेल. पण उतरवणारा टेस्ट पायलट होता आणि विमान नवं होतं. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही आडव्या वाऱ्यात किती लँडिंग केलीत? शून्य असतील तर तुमचा आकडा १५ नाही, ७ किंवा ८ असेल, आणि तो जमिनीवर असताना, चहा पिताना डोकं शांत असतं तेव्हा कागदावर लिहून ठेवायचा. फायनलवर ठरवायला गेलात तर तो हमखास वाढतो.

याच वेळी दुसरा पर्याय कुठला तेही ठरवा. वाऱ्याच्या तोंडाला रनवे असलेला जवळचा दुसरा विमानतळ कोणता, तिथवर जायला आणि वर राखीव एवढं इंधन आहे का. इंधन नसेल तर तो पर्याय नाहीच. ज्याच्याकडे दुसरीकडे जाण्याइतकं इंधन नाही तो माणूस वाईट अप्रोचही रेटतो, हे मी शिकवायला लागल्यापासून पुन्हा पुन्हा बघितलंय.

जीव घेणारं वळण

लँडिंगच्या अपघातांत जीव कमी जातात असं वर म्हटलं, पण एक जागा त्याला अपवाद आहे आणि त्यावर मला जरा थांबायचंय. बेसवरून फायनलचं वळण. (उतरण्याआधी विमान रनवेभोवती चौकोनी फेरी मारतं ते सर्किट, त्यात रनवेला समांतर उलटं जायचं ते डाउनविंड, आणि रनवेकडे आडवं यायचं ते बेस.) समजा डावं सर्किट आहे आणि वारा रनवेच्या डावीकडून येतोय. मग बेस लेगवर तो वारा तुमच्या पाठीमागून येतो. जमिनीवरचा वेग वाढतो, नेहमीच्या जागी वळायला सुरुवात केली तरी उशीर होतो, आणि रनवेची रेघ ओलांडून तुम्ही पलीकडे जाता. मग काय करतो माणूस? वळण आवळतो. बँक (विमानाचं कलणं) जास्त नको म्हणून वाढवत नाही पण नाक लवकर फिरावं म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबतो, नाक खाली जातं म्हणून योक ओढतो. कमी वेग, ओढलेला योक, आतला रडर, यातून स्टॉल झाला (पंखांची उचल गेली) तर विमान सरळ स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली) जातं आणि सर्किटच्या खालच्या उंचीवरून सावरायला जागाच नसते. शिवाय बँकेबरोबर स्टॉलचा वेगही वाढतो, ३० अंशाला साधारण ७ टक्के, ४५ ला १९ टक्के, ६० ला ४१ टक्के, उंची टिकवून वळत असाल तर.

यावर उपाय आधीच करायचा असतो, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) बघून डाउनविंडवरच स्वतःला मोठ्याने सांगायचं की "बेसवर वारा पाठीमागून आहे, लवकर वळायचंय", डाउनविंड जरा बाहेर ठेवायचं. आणि रेघ ओलांडलीच तर ३० अंशाच्या आत बँक ठेवून जेवढं वळेल तेवढं वळा, नाही जमलं तर गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर चढणं) करून परत या. त्या रेघेचा हट्ट धरू नका. खरंच सांगते, धरू नका.

फायनल

अप्रोचचा वेग किती ठेवायचा यावर वाद चालतात. सर्वसाधारण रीत अशी की सरासरी वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाचा निम्मा नेहमीच्या वेगात मिळवायचा. १८ आणि २८ असेल तर फरक १०, म्हणून ५ नॉट जास्त. कारण सरळ आहे, झोत अचानक गेला तर एअरस्पीड (हवेच्या तुलनेतला वेग) तेवढा पडतो, आणि जमिनीजवळ वारा तसाही कमी होत जातो. पण भीतीपोटी लोक १५-२० मिळवतात आणि तिथेच चूक होते. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलात तर विमानात साठलेली ऊर्जा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढते, ती ऊर्जा कुठेतरी जिरवायला लागते, विमान रनवेवर तरंगत राहतं आणि जितका वेळ तरंगतं तितका वेळ प्रत्येक झोताला आयतं सापडतं.

फ्लॅप्सचं (पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्यांचं) मॅन्युअलप्रमाणे करा. १७२ सारख्या विमानांत जोरदार आडव्या वाऱ्याला रनवेच्या लांबीला पुरतील इतकेच कमीत कमी फ्लॅप्स वापरा असं लिहिलेलं असतं, आणि काही जुन्या मॉडेलमध्ये फ्लॅप्स खाली असताना स्लिप (एक पंख खाली आणि उलटा रडर देऊन तिरकं उडणं) टाळा अशी पाटीच कॉकपिटमध्ये असते. वाचा ती.

खाली येताना बहुतेक जण क्रॅब करून येतात, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवून आणि पंख सपाट ठेवून. ६५ नॉटला १५ चा आडवा वारा असेल तर नाक साधारण १३ अंश वळलेलं असतं, पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं. शेवटी रडरने नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख खाली करायचा. म्हणजे वारा डावीकडून तर योक डावीकडे, पाय उजवीकडे. दोघांची कामं वेगळी आहेत आणि ही फोड डोक्यात पक्की बसली पाहिजे: पायाने नाक रनवेच्या रेघेत ठेवायचं, हाताने विमान रेघेवर ठेवायचं. उजवीकडे वाहत चाललंय तर हात, नाक तिरकं झालंय तर पाय. विद्यार्थी गोंधळतात कारण दोन्ही प्रश्नांचं उत्तर हातानेच द्यायला बघतात.

नवशिक्यांनी हे पंख खाली करणं अगदी शेवटच्या क्षणी न करता फायनलवर दोन-तीनशे फुटांवरच करून बघावं असं माझं मत आहे. याचा एक मोठा फायदा आहे. पाय पूर्ण दाबून पण नाक रेघेत येत नसेल, तर समजायचं की आजचा वारा या विमानाच्या रडरपेक्षा मोठा आहे. हे तुम्हाला तीनशे फुटांवर कळलं, तीन फुटांवर नाही. खाली वारा थोडा कमी होईल ही आशा असते, होतोही कधी कधी, पण विंडसॉक तसं दाखवत नसेल तर निर्णय वरच घ्या आणि दुसरा रनवे धरा. आणि हो, वाऱ्याच्या बाजूला हँगर किंवा झाडांची रांग असेल तर तिच्या मागे हवा घुसळलेली असते, शेवटच्या पन्नास फुटांत धक्का बसणारच असं धरून चला.

फ्लेअर, आणि टेकवणं

फ्लेअर करताना पंख खालीच ठेवायचा. माणसाची सवय असते की जमीन जवळ आली की पंख सपाट करावेत, आणि ते केलं की विमान लगेच वाहायला लागतं. आधी वाऱ्याकडचं चाक टेकू द्या, मग दुसरं, मग नोजव्हील. एका चाकावर टेकणं चुकीचं वाटतं पण तेच बरोबर आहे. दोन्ही चाकं एकदम टेकवायच्या नादात विमान आडवं घसरत टेकलं तर सगळा आडवा भार लँडिंग गिअरवर येतो, टायर किंचाळतो आणि नाक झटक्यात फिरतं.

झोत आला आणि विमान वर उचललं गेलं तर? नाक खाली दाबू नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. नाक दाबलं की नोजव्हील आधी आपटतं, विमान उसळतं, तुम्ही परत दाबता, ते परत उसळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला नोजव्हीलचा पाय मोडतो किंवा प्रॉपेलर जमिनीला लागतो. थोडंसंच उचललं असेल तर नाक आहे तिथे धरून ठेवा, किंचित पॉवर द्या आणि परत बसू द्या. जास्त उचललं किंवा तिरकं झालं तर गो-अराउंड. रनवेच्या पहिल्या एक तृतीयांशात टेकलं नाही तरी गो-अराउंड. एकदा उसळलं की दुसरी उसळी बघायला थांबायचं नाही.

गो-अराउंडही वाऱ्यात नीट करायला लागतो. पूर्ण पॉवर दिली की बहुतेक छोट्या विमानांत नाक डावीकडे ओढलं जातं, त्यात वाराही डावीकडून असेल तर दोन्ही जोर एकाच बाजूला, म्हणून उजवा पाय तयार ठेवा. पॉवर, नाक चढाईला, उजवा रडर, कार्ब हीट (कार्बोरेटरला दिलेली गरम हवा) बंद, फ्लॅप्स एकदम न काढता टप्प्याटप्प्याने, आणि वर गेल्यावर नाक वाऱ्याकडे वळवून रनवेच्या रेघेवरच चढा. एक मर्यादा मात्र आहे, वेग बराच कमी झालाय आणि विमान आधीच कडेकडे वळलंय अशा वेळी थ्रॉटल पुढे ढकलू नका. तिथून उडायचा प्रयत्न केला तर गवतात थांबणारं विमान झाडात किंवा हँगरमध्ये जातं. थ्रॉटल बंद, पायाने जमेल तेवढं सरळ, आणि गवत तर गवत.

टेकल्यानंतर

आता तो भाग ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं. चाकं टेकली की योक वाऱ्याकडे हळूहळू वाढवत न्यायचा, वेग उतरेल तसा जास्त, आणि विमान चालण्याच्या वेगाला येईपर्यंत तो पूर्ण शेवटाला गेलेला असला पाहिजे. त्याने वाऱ्याकडचा पंख खाली राहतो, त्या चाकावर वजन राहतं, आणि पलीकडच्या पंखावरचं खाली झुकलेलं एलेरॉन जास्त हवा अडवून नाकाला वाऱ्यापासून लांब ओढतं, म्हणजे शेपटीविरुद्ध थोडी मदतच. पाय सतत हलता ठेवा, छोट्या छोट्या दाबांनी, नाक फिरायला लागायच्या आधी.

नोजव्हील खाली येतं त्या क्षणी जरा सांभाळा. चेरोकीसारख्या विमानांत रडरचे पेडल नोजव्हीलला थेट जोडलेले असतात, म्हणजे स्लिपसाठी दाबलेला पाय तसाच ठेवून नोजव्हील टेकलं तर चाक वळलेल्या स्थितीतच जमिनीला लागतं आणि विमान झटका देतं. टेकताना पाय जवळजवळ मध्यावर आणा आणि लगेच परत कामाला लावा. ब्रेक घाईने नको, पंखांवर अजून भार आहे तोवर चाकं घसरतात. रोलआउटमध्ये (टेकून धावताना) फ्लॅप्सचा लिव्हर शोधायला खाली बघू नका, रेडिओवरही बोलू नका, टॉवरने विचारलं तरी थांबू द्या त्यांना चार सेकंद.

टेलव्हील (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं) विमान असेल तर हे सगळं दुप्पट. तिथे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून एकदा फिरायला लागलं की ते आपणहून आणखी फिरतं आणि ग्राउंडलूप (जमिनीवरच गरकन फिरणं) होतो. त्यासाठी वेगळं ट्रेनिंग घ्याच.

सरावासाठी माझा आवडता व्यायाम सांगते, लांब रनवे आणि शेजारी इन्स्ट्रक्टर हवा. मध्यम आडव्या वाऱ्यात, ८-१० नॉट, रनवेवर काही फुटांवरून थोड्या पॉवरवर उडत जायचं, टेकायचं नाही. नाक पायाने रेघेत धरायचं आणि बँक कमीजास्त करत मधल्या रेघेवरून डाव्या कडेकडे, परत मध्ये, मग उजव्या कडेकडे सरकायचं. तीन-चार फेऱ्यांत हात आणि पाय एकमेकांपासून सुटतात, जे पन्नास लँडिंगमध्ये होत नाही, कारण लँडिंगमध्ये तो क्षण पाच सेकंदच मिळतो.

रनवे सोडल्यावर पण योक मोकळा सोडायचा नाही. टॅक्सी करताना वारा समोरच्या कोपऱ्यातून असेल तर योक वाऱ्याच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यातून असेल तर वाऱ्यापासून उलट्या बाजूला आणि पुढे ढकललेला. उंच पंखाच्या हलक्या विमानात मागून आलेला झोत पंख उचलू शकतो, म्हणून वळणं सावकाश घ्या. पार्किंगला शक्य तर नाक वाऱ्याकडे, कंट्रोल लॉक लावा, चाकांना चोक (अडसर) लावा, दोन्ही पंख आणि शेपटी दोराने बांधा, आणि मग योकवरून हात काढा.